‘२० रुपयांच्या टेपचे ३५०’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार साहेब. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. आमचं पोरगं ‘मग शोरूमला जावा की’ असं बोललं, ते चुकलंच. त्याला मी त्याच रात्री झापलंय.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की फुटलेल्या टेललाइटला लावलेल्या २० रुपयांच्या टेपचे ३५० घेतले, पाऊण तास बसवून ठेवलं, खाली फट सोडून अर्धवट काम केलं आणि चार दिवसांत टेप निघाली. हे वाचल्यापासून डोक्यातनं जात नाही. बेळगावजवळ पिरनवाडी क्रॉसला २२ वर्षं गाडीदुरुस्तीचं हेच काम करतोय.

रविवारी रात्री साडेसातला तुम्ही आलात तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं. स्पेअरची दुकानं बंद. तुम्हाला चोर्ला घाटातनं रातोरात गोव्यात म्हापसा गाठायचं होतं. डाव्या टेललाइटची काच फुटलेली तुम्हाला दिसत होती, पण उजवा दिवाही लागत नव्हता हे तुम्हाला माहीत होतं का? मी सांगितलं तेव्हा तुम्ही फोनवर होता. डावीकडचा होल्डर आत दबून वायर पत्र्याला लागली होती आणि फ्यूज उडाला होता. फ्यूजला तार गुंडाळून दिली असती तर दोन मिनिटांत मोकळे झाला असता, आणि पुढं वायरिंग जळलं असतं. मी शॉर्ट शोधला, वायर सोडवून इन्सुलेशन केलं, १० अँपिअरचाच फ्यूज घातला. बल्ब डबल फिलामेंटचा, म्हणजे टेललाइट आणि ब्रेकलाइट एकातच असलेला, २१/५ वॅटचा, नवीन घातला. ब्रेक तपासायला ‘जरा पेडल दाबा’ म्हटलं तर तुम्ही हातानंच ‘थांबा’ केलंत. शेवटी चहाच्या गाड्यावरच्या पोराला आत बसवून दाबायला लावलं.

हिशेब असा: बल्ब ४०, फ्यूज १०, टेप ८०, मजुरी २२०. ती खोक्याला लावायची टेप नव्हे, टेललाइटचीच लाल पारदर्शक टेप आहे. तुम्हीच म्हणालात, ‘बल्बला लाल नेलपेंट लावून द्या.’ बल्ब तापला की नेलपेंट करपतं, पापुद्रे सुटतात आणि मागं पांढरा उजेड पडतो. मागच्या गाडीला वाटतं तुम्ही रिव्हर्स घेताय. जिलेटिन कागद लावला असता तर जांबोटीपर्यंतसुद्धा टिकला नसता. जुलैत कणकुंबीच्या पुढं धुकं कसं असतं ते या रस्त्यानं जाणाऱ्यांना माहीत आहे. तिथं पुढच्या गाडीचे दोन लाल ठिपके सोडले तर काही दिसत नाही.

पाऊण तास लागला तो सुकवण्यात. ओल्या काचेवर टेप धरत नाही. ही काच प्लॅस्टिकची असते, थिनरनं पुसली तर तिला बारीक तडे जातात, म्हणून स्पिरिटनं पुसली आणि घरातनं बायकोचा हेअर ड्रायर आणून वाळवली. त्याचे पैसे लावले नाहीत. डिकीतले काचेचे तीन तुकडे तुम्ही टाकणार होता, ते जुळवून चिकटवले तेव्हा कुठं टेपला आधार मिळाला. खालची फट मुद्दाम ठेवली होती. आत गेलेलं पाणी निघायला वाट नको? सगळं सील केलं असतं तर होल्डरमध्ये पाणी साचून पुन्हा शॉर्ट झाला असता.

आता फोटोचं. गुरुवारी टाकलेल्या फोटोत टेपचा कोपरा सुटलाय, खरं आहे. पण गाडी बघा, चकाचक! मडगार्डवर चिखलाचा ठिपका नाही. पावसात चोर्ला उतरलेली गाडी अशी दिसत नाही हो. प्रेशरनं धुतली असणार. धुऊ नका हे मी सांगितलं नव्हतं, तेवढी चूक माझी. मात्र ‘आजची रात्र काढा, सोमवारी नवीन युनिट बसवून घ्या’ हे दोनदा सांगितलं होतं, चिठ्ठीवर ‘टेंपररी’ लिहूनही दिलं होतं.

दंड झाला नाही, नुसतं थांबवून सोडलं, असं तुम्हीच लिहिलंय, ते बरं झालं. यापुढं काय करायचं नाही ते चिठ्ठीवर लिहीत जाऊ. दरांचा बोर्डही लावायचा आहे, पाऊस उघडला की बघतो. रिव्ह्यू वाचून कालच एक गिऱ्हाईक ‘टेपचे किती घेता?’ विचारून परत गेलं, म्हणून एवढं लिहावं लागलं.

नवीन युनिट घेऊन या, बसवायची मजुरी घेणार नाही. फक्त रविवार असेल तर सातच्या आत या.