खुर्ची ट्रेंटनला, उपद्रव एडिसनला

न्यू जर्सीत कोणाही गव्हर्नरला लागोपाठ दोनच कार्यकाळ मिळतात. १९४७ साली ज्या मंडळींनी राज्यघटनेत ही तरतूद केली, त्यांच्या मनात सत्ता एकाच हाती साठू नये असा उदात्त हेतू असणार यात शंका नाही. परंतु खुर्ची मोकळी झाली की त्या उदात्ततेचा खर्च टपालपेटी आणि फोन बाळगणाऱ्या निरुपद्रवी नागरिकाकडून वसूल होतो, ही बाब त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. फिल मर्फी यांची दोन पर्वे जानेवारी २०२६ मध्ये संपणार होती. पदावरचाच माणूस पुन्हा उभा असला तर विरोधी पक्षातले अर्धे इच्छुक आधीच बेत रद्द करतात आणि स्वपक्षातले सगळेच गप्प बसतात. इथे मात्र खुर्ची उघडी होती, आणि ती आपल्याच मापाची आहे असे अकरा जणांना वाटले.

त्यांना तसे का वाटू नये? राजधानी ट्रेंटनला बसणारा इथला गव्हर्नर म्हणजे अधिकाराच्या दृष्टीने आपला मुख्यमंत्रीच. किंबहुना काकणभर सरसच. संपूर्ण राज्यातून निवडून येणारा तो राज्य सरकारातला एकमेव गडी, आणि त्याच्या उमेदवारीला टाचलेला उपगव्हर्नर. महाधिवक्ता तो नेमतो, न्यायाधीशांची नावे तो सुचवतो. त्यामुळे जून २०२५ च्या, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत डेमोक्रॅटिक पक्षाकडून सहा जण उतरले: वॉशिंग्टनमधले दोन खासदार मिकी शेरिल आणि जॉश गॉटहायमर, नेवार्क आणि जर्सी सिटीचे महापौर रास बराका आणि स्टीव्हन फुलप, राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी आणि शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर. रिपब्लिकन बाजूला पाच जण होते आणि त्यांत जॅक चिटारेली तिसऱ्यांदा नशीब अजमावत होते. या अकरा जणांत रेडिओवरचे निवेदक होते, वकील होते, लेखापाल होते, लष्करी वैमानिक होत्या. आणि या सर्वांना एकाच गोष्टीची नितांत गरज होती, ती म्हणजे मी.

हा अहंकार नव्हे. मी एडिसनमध्ये राहतो आणि मतदार यादीत कोणत्याही पक्षाच्या रकान्यात माझे नाव नाही. राज्यात असे बिनपक्षी मतदार तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिकच आहेत. माझ्या पत्नीने नागरिकत्व मिळताच अर्ज भरताना एका पक्षापुढे खूण केली आणि ती मोकळी झाली. तिला फक्त त्याच पक्षाची पत्रके येतात, तीही माफक, कारण घरच्या माणसावर कोणी फार खर्च करीत नाही. मी त्या चौकोनांवरून पेन फिरवत राहिलो आणि शेवटी ‘नंतर पाहू’ अशा भारतीय विचाराने रकाना तसाच सोडला. परिणामी मी दोन्ही पक्षांच्या लेखी उपवर ठरलो. इथली मतदार यादी जाहीर असते. तुम्ही कोणाला मत दिले हे तीत नसते, पण कोणत्या निवडणुकीला गेलात आणि कोणत्या वेळी दांडी मारलीत हे मात्र असते. त्यामुळे माझ्या टपालपेटीत एकदा असे पत्रही आले की आपली मतदानाची नोंद सार्वजनिक असून ती शेजाऱ्यांनाही पाहता येते. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर सही आणायला सांगत, त्याच सुरातले ते पत्र होते.

प्राथमिक फेरीत बिनपक्षी माणसालाही मत देता येते. केंद्रावर जाऊन कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचे. मात्र सांगितले की त्या क्षणापासून तुमची त्या पक्षात नोंद होते. जून उजाडेपर्यंत ही सोय मला अकरा दिशांनी समजावून सांगण्यात आली. त्यातच त्या वर्षी मतपत्रिकाही नवी होती. पूर्वी राज्याच्या २१ पैकी १९ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, पक्षाचे स्थानिक पुढारी आपल्या पसंतीचे सगळे उमेदवार एका सलग रांगेत छापून घेत आणि बाकीच्यांना कागदाच्या कुठल्या तरी निर्जन कोपऱ्यात पाठवत. २०२४ मध्ये सिनेटसाठी उभे असलेले खासदार अँडी किम यांनी त्याविरुद्ध न्यायालय गाठले आणि ती पद्धत गेली. लोकशाहीच्या दृष्टीने हे उत्तम झाले, हे मला मान्य आहे. पण पूर्वी इच्छुकांना काउंटीच्या अध्यक्षाची मनधरणी करून भागत असे. रांगच गेल्यावर त्या मनधरणीचा बराचसा भाग थेट मतदाराकडे वळला, आणि अध्यक्षाला निदान तिचा सराव तरी होता.

फोनवरच्या संदेशांविषयी मी शक्य तितक्या संयमाने लिहितो. ते सकाळच्या चहाबरोबर सुरू होत. प्रत्येकाची सुरुवात आपुलकीची, मधला भाग राज्य कसे रसातळाला चालले आहे याचा, आणि शेवट पाच डॉलरच्या मागणीचा. ते थांबवण्यासाठी ‘स्टॉप’ असे उत्तर पाठवावे, अशी सूचना खाली असे. तसे उत्तर पाठवले की तो क्रमांक खरोखरच थांबे आणि दुसऱ्या क्रमांकावरून दुसरा माणूस तितक्याच आपुलकीने सुरुवात करी. माझा फोन क्रमांक पूर्वी एका बाईंचा होता आणि बरेचसे संदेश आजही त्यांच्याच नावाने येतात. त्या बाईंना मी कधी पाहिलेले नाही. पण बंदुकांच्या परवान्यापासून किनाऱ्यावरच्या पवनचक्क्यांपर्यंत त्यांची मते काय असावीत, हे आता मी त्यांच्या नातेवाइकांपेक्षा बरे सांगू शकेन.

जूनच्या १० तारखेला शेरिल आणि चिटारेली आपापल्या पक्षाचे उमेदवार ठरले. अकरांतून दोन उरले, म्हणजे त्रासही त्याच प्रमाणात कमी होईल, असा माझा गणिती अंदाज होता. परंतु नऊ जणांचा बंद पडलेला आवाज या दोघांनी व्याजासह भरून काढला, आणि नेमक्या याच सुमारास साताऱ्याहून माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी राहायला आल्या.

सासूबाईंना इंग्रजी मालिका समजत नाहीत, पण निवडणूक कोणत्याही भाषेत समजते. न्यू जर्सीची भौगोलिक अडचण अशी की राज्याच्या उत्तरेला न्यूयॉर्कच्या वाहिन्या दिसतात आणि दक्षिणेला फिलाडेल्फियाच्या. त्यामुळे इथल्या उमेदवाराला दोन महागड्या शहरांच्या दराने जाहिराती कराव्या लागतात, आणि ज्यांचा या निवडणुकीशी काडीचा संबंध नाही अशा लक्षावधी लोकांनाही त्या पाहाव्या लागतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारा माझा एक मित्र ऑक्टोबरात फोन करून म्हणाला, “तुमच्या घरपट्टीचं काय ते एकदा मिटवा रे बाबा, मला झोप लागत नाही.” त्यातून न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूकही त्याच दिवशी होती, तेव्हा दोन्हींच्या जाहिराती एकापाठोपाठ लागत. लाल टोपी घातलेले कर्टिस स्लिवा आपल्याकडे उभे नाहीत, ते नदीपलीकडचे आहेत, हे सासूबाईंना पटवून द्यायला बराच वेळ लागला. पटल्यावर त्या हळहळल्या. “टोपीचा माणूस लक्षात राहतो हो,” असे त्यांचे म्हणणे.

आमच्या बाजूच्या दोघांविषयी त्यांचे मत मात्र झटपट तयार झाले. शेरिल नौदलात हेलिकॉप्टर चालवत असत आणि त्यांच्या जाहिरातीतही हेलिकॉप्टर होते. “जी बाई हे असलं काही उडवते, तिला राज्य काय जड आहे?” असा सवाल त्यांनी मला केला. दुसऱ्याच मिनिटाला चिटारेलींची जाहिरात लागली. ते २०१७ मध्ये प्राथमिक फेरीतच मागे पडले होते, २०२१ मध्ये मर्फींकडून अवघ्या तीनेक टक्क्यांनी हरले होते आणि आता पुन्हा उभे होते, हे कळल्यावर सासूबाई गहिवरल्या. तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेल्या मुलाला परीक्षकाने थोडे सांभाळून घ्यावे, असे त्यांना मनापासून वाटले. एकाच जाहिरातीच्या विरामात त्यांनी दोघांनाही निवडून दिले. “आई, तुम्हाला इथे मत नाही,” असे मी नम्रपणे सुचवले, त्यावर त्या म्हणाल्या, “जावईबापू, तुम्हाला मत आहे पण मत कुठं आहे?” पत्नी स्वयंपाकघरात मोठ्याने हसल्याचे मला ऐकू आले.

त्या जाहिरातींची एक गंमत अशी होती की एका पक्षाच्या जाहिरातीत राज्यातले सगळे वाटोळे मर्फींनी केलेले असे आणि दुसऱ्या पक्षाच्या जाहिरातीत सगळे वाटोळे ट्रम्प करणार असे. या दोघांपैकी एकाचेही नाव मतपत्रिकेवर नव्हते. जी दोन मुख्य नावे होती, त्यांचे एका विषयावर मात्र एकमत दिसत होते: विजेचे बिल.

आणि इथे मी हळवा होतो. आमच्या गावाला एडिसन हे नाव उगीच पडलेले नाही. इथल्याच मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत थॉमस एडिसन यांनी १८७९ मध्ये विजेचा दिवा व्यवहारात आणला आणि त्या जागी आज एक मनोरा उभा असून त्याच्या माथ्यावर भलामोठा काचेचा दिवा बसवलेला आहे. ज्या गावाने जगाला दिवा दिला, त्या गावात मी दिवे मालवत फिरतो. १ जून २०२५ पासून राज्यातली वीजबिले १७ ते २० टक्क्यांनी वाढली. कारण विचारावे तर ते तेरा राज्यांचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या पीजेएम नावाच्या संस्थेच्या लिलावात दडलेले. तिथे राखीव क्षमतेचा भाव एका मेगावॅटला दिवसाला सुमारे २९ डॉलरवरून एकदम सुमारे २७० डॉलरवर गेला होता. एका बाजूला जुनी वीजकेंद्रे बंद होत आहेत आणि दुसऱ्या बाजूला संगणकांची अवाढव्य गोदामे वीज पीत आहेत, असा एकंदर मामला. शेरिल म्हणत होत्या की पहिल्याच दिवशी आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. चिटारेली म्हणत होते की ईशान्येच्या राज्यांच्या कार्बन-लिलावाच्या करारातून बाहेर पडीन. मी दोन्ही वचने वाचली, पीजेएमच्या लिलावाविषयी जे मिळेल ते वाचले, आणि लवकरच माझी अशी अवस्था झाली की ज्याला हे सगळे सांगता येईल असा माणूस घरात उरला नाही.

नेमक्या अशाच एका शनिवारी दारावरची घंटा वाजली. दारात हातात फोन घेतलेला, महाविद्यालयात शिकणारा एक सुस्वभावी प्रचारक उभा होता. “या निवडणुकीत आपल्याला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता वाटतो?” असे त्याने पाठ केलेल्या वाक्यात विचारले. इतके दिवस लोक माझे मत मागत होते. माझे म्हणणे प्रथमच कोणी विचारत होते. मी आतून वीजबिलांची फाइल आणली. मे आणि जुलैची बिले शेजारी ठेवून पुरवठा कोणता, वहन कोणते, हे त्याला दाखवले, लिलावाची पद्धत समजावली, आणि दर गोठवले तर मधला फरक कोण भरणार, हा माझा लाडका प्रश्न विचारला. त्याने हळूच मागे पाहिले. सासूबाईंनी त्याला तेवढ्यात बेसनाचा लाडू दिला होता, त्यामुळे तोंड भरलेले असताना त्याला निरोपही घेता येईना. अखेर पुढच्या घरी जायचे आहे असे सांगून तो निघाला आणि पुढचे घर सोडून थेट कोपऱ्यावर वळला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पक्षाच्या एक मध्यमवयीन बाई आल्या. न्यायाला धरून मी त्यांनाही तीच फाइल दाखवली, फक्त प्रश्न बदलला: कार्बनचा करार मोडला तरी पीजेएमचा लिलाव तोच राहणार, त्याचे काय? त्यांनी लाडू घेतला नाही. त्यानंतर आमच्या घराकडे कोणत्याच पक्षाचे कोणी फिरकले नाही. प्रचारकांच्या फोनमध्ये प्रत्येक घरापुढे शेरा लिहायची सोय असते म्हणतात. आमच्यापुढे काय लिहिले असेल ते पाहायची मला फार इच्छा आहे.

दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमारास आली आणि लवकर मतदान २५ तारखेला सुरू झाले, त्यामुळे ओक ट्री रोडवर मिठाईच्या पिशवीबरोबर प्रचाराचे पत्रकही हाती पडू लागले. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाट्यप्रवेश पंधरा मिनिटांनी लांबला, कारण मध्ये पाहुण्यांची भाषणे झाली. प्रत्येकाने भारतीयांची मेहनत, कुटुंबवत्सलता आणि सामोसा यांची स्तुती केली. कार्यक्रमात सामोसा नव्हता, मिसळ होती. पण मिसळीविषयी इंग्रजीत बोलणे अवघड असते, हे समजून घ्यायला हवे.

मतदान मी लवकरच्या दिवसांत उरकले. रांग नव्हती, यंत्राने माझी निवड कागदावर छापून दाखवली आणि काम संपले. मत कोणाला दिले ते मी पत्नीलाही सांगितलेले नाही. तिने विचारलेलेही नाही, हे थोडे लागले.

४ नोव्हेंबरला रात्री आठला मतदान संपले. सासूबाई थर्मासमध्ये चहा भरून, शाल घेऊन, फेरीनिहाय आघाड्या पाहण्याच्या तयारीने बसल्या होत्या. चुरस आहे असे महिनाभर सांगितले गेले होते. प्रत्यक्षात मागची आवराआवर होते न होते तोच शेरिल निवडून आल्याचे जाहीर झाले, आणि शेवटी फरक सुमारे १४ टक्क्यांचा निघाला. एकाच पक्षाने लागोपाठ तिसऱ्यांदा गव्हर्नरपद जिंकण्याचा प्रकार १९६१ नंतर प्रथमच घडला, असे वाहिनीवरचे तज्ज्ञ सांगत होते. सासूबाईंना त्याचे कौतुक वाटले नाही. “गुलाल नाही, मिरवणूक नाही, पडलेला माणूस फेरमोजणी मागत नाही. कसली हो ही निवडणूक?” असे म्हणून त्यांनी न उघडलेला थर्मास आत नेऊन ठेवला.

मी मात्र फोन उशाशी घेऊन निर्धास्त झोपलो. माझी शांतता खरोखरच परत आली; पण शेरिल गव्हर्नर होणार म्हणजे त्यांची खासदारकीची, अकराव्या मतदारसंघातली जागा सुटणार, आणि तिथे नव्याने पोटनिवडणूक लागणार, हे मला पार्सिपनीला राहणाऱ्या मित्राच्या फोनवरून कळले. त्याचा मतदारसंघ तोच. फेब्रुवारीत प्राथमिक फेरी, एप्रिलमध्ये मतदान, आणि इच्छुकांची रांग आतापासूनच लागलेली. तोही बिनपक्षी. मी त्याला माझ्या फाइलची प्रत पाठवायचे कबूल केले. सासूबाई शेजारीच बॅग भरायला काढून बसल्या होत्या. त्यांनी हातातली साडी तशीच ठेवली आणि विचारले, “पार्सिपनीला इथून बस जाते का हो?”