खुलासा: रात्री घरी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुणाचं?

रत्नागिरी-चिपळूणात घरून काम करणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘सुट्टीत, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क नाही, तसा कायदाच आहे.’

हे अर्धवट आहे. तसा कायदा कॅलिफोर्नियात आहे, आणि तोही कंपनीच्या धंद्याशी संबंधित शोधाला लागू नाही. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा. कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा. नुसतं घड्याळ बघून ठरत नाही. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने घरच्या हापूसच्या पेट्यांच्या हिशेबाचं ॲप केलं, तर ते सहसा त्याचंच. मात्र पुढे होणाऱ्या कामाचे हक्कही लेखी, सहीनिशी देता येतात. नेमणुकीचे कागद काढून बघा. सही बहुतेकांनी न वाचताच ठोकलेली असते.