प्रतिक्रियेला उत्तर: पगार घेतला, विषय संपला?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया ‘अनामिक’ या नावानं आली आहे. बिनश्रेयाच्या वादकांवरच्या लेखाखाली हे नाव बघून आधी हसू आलं. पुढचं वाचल्यावर ते मावळलं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मागच्या आठवड्यात मी अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ‘फंक ब्रदर्स’वर लिहिलं होतं. १९५९ पासून १९७२ पर्यंत मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या बहुतेक गाण्यांत वाजवणारी ही मंडळी. पुढे गायला सुप्रीम्स असोत, टेम्प्टेशन्स असोत, फोर टॉप्स असोत की मार्विन गे, मागे हीच टोळी. आणि रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं नाहीत. त्यावर तुमचं म्हणणं असं: एक, ‘बीटल्स, एल्विस, स्टोन्स आणि बीच बॉइज या सगळ्यांचे मिळून नसतील इतके नंबर वन यांचे’ हे वाक्य मी जाहिरातीतून उचललं. दोन, टेम्प्टेशन्सच्या ‘माय गर्ल’च्या श्रेयात व्हाइट हे नाव चक्क छापलेलं आहे, मग माझी तक्रार काय? आणि तीन, तुमचेच शब्द: “मी सदतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. माझ्या ड्रॉइंगवर पूल उभे आहेत. एकाही पुलावर माझं नाव नाही. पगार घेतला, विषय संपला. या लोकांचं काय वेगळं?”

पहिला मुद्दा कबूल. ते वाक्य या वादकांवर २००२ मध्ये आलेल्या माहितीपटाचं आहे. माहितीपट त्यांच्या बाजूनं बनवलेला, त्यामुळे वाक्यही त्याच झोकात. मी ते न पडताळता ठोकून दिलं. आता बसून पडताळायला गेले तर ते पडताळताच येत नाही, कारण कुठल्या गाण्यात कोण होतं याची पुरी यादीच कुणाकडे नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसऱ्या मुद्द्यात मात्र तुमची गफलत झाली आहे, आणि ती इतकी छान आहे की मूळ लेखात मीच का नाही सांगितली याची चुटपुट लागली. ‘माय गर्ल’च्या श्रेयात स्मोकी रॉबिन्सन यांच्याबरोबर छापलेले व्हाइट म्हणजे रोनाल्ड व्हाइट, मिरॅकल्स या गटातले गायक. गाणं त्या दोघांनी लिहिलं, श्रेय त्यांचंच. मी लिहिलं होतं ते रॉबर्ट व्हाइटबद्दल. हा गिटारवाला. दोघं एकाच कंपनीत, एकाच गाण्यावर, आडनाव एकच, आणि कागदावर नाव दोघांपैकी एकाचंच.

आता ते गाणं पुन्हा लावा. गायकाकडे लक्ष देऊ नका, सुरुवातीचे काही सेकंदच ऐका. आधी बास (खालच्या, जाड सुरांची गिटार) येतो, दुम, दु-दुम, दुम, दु-दुम. तो वाजवणारा जेम्स जेमर्सन, याच टोळीतला. त्यावर गिटार एक-एक पायरी चढते: सा रे ग प ध सां. चक्क भूप! पुढे कॉर्ड (मागे एकदम वाजणारे स्वर) बदलतो तेव्हा तीच चढण मध्यमाला षड्ज धरून पुन्हा येते. त्या सहा स्वरांवरून जगभरात माणसं हे गाणं ओळखतात, शब्द सुरू व्हायच्या आधी. ते सहा स्वर रॉबर्ट व्हाइटच्या बोटांतून आले. माहितीपटात त्याचा एक किस्सा आहे. पुढे कॅलिफोर्नियात एका हॉटेलात तो जेवायला बसलेला, आणि हेच गाणं लागलं. वेटर ऑर्डर घ्यायला आला. हा उत्साहानं सांगायला गेला, “हे ऐकतोयस ना…” आणि मध्येच थांबला. नुसती ऑर्डर दिली. सोबतच्यानं विचारलं तर म्हणाला, सांगून काय, त्याला वाटेल म्हातारा बरळतोय. १९९४ मध्ये तो गेला, माहितीपट यायच्या आठ वर्षं आधी.

आता तुमच्या पुलाकडे येते.

माझे मामा तुमच्याच व्यवसायातले. अमोनियाच्या वासाच्या प्रिंटांच्या गुंडाळ्या घरात पडलेल्या असायच्या. त्यामुळे मला एवढं नक्की माहीत आहे की शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. ड्रॉन बाय, चेक्ड बाय, तारीख, सही. एका मोरीला वीसेक वर्षांनी तडा गेला तेव्हा त्या चौकटीतल्या दोन अक्षरांवरून मामांना घरी फोन आला होता. पुलावर नाव नसेल, कागदावर तुमचं नाव आहे. मीही या वादकांसाठी पुतळा मागत नाहीये. ती चौकट मागतेय.

आणि खरं म्हणजे ड्राफ्ट्समनची उपमा इथे अर्धीच लागू पडते. तुमच्याकडे डिझाइन इंजिनिअरकडून यायचं. मोटाउनच्या, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ नंबरच्या घरात, मागच्या गॅरेजचा स्टुडिओ केलेला होता (वादक त्याला ‘स्नेकपिट’ म्हणत, म्हणजे सापांचा खड्डा), तिथे अनेकदा संगीतकार येई तो कॉर्ड लिहिलेला कागद घेऊन. कधी ओळी लिहूनही येत, नाही असं नाही. पण बासनं कुठे थांबायचं, कुठे धावायचं, डफलीसारखं ते टॅम्बरिन कुठल्या मात्रेवर पाडायचं, हे तिथल्या तिथे ठरे. जेमर्सन तर्जनीच्या एकाच बोटानं वाजवायचा, बासच्या तारा बदलायचा नाही, आणि त्या एका बोटातून जे निघालं ते आज बास शिकणारी पोरं स्वर-स्वर लिहून काढतात. मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाण्याच्या वेळी तो इतका प्यायलेला होता की खुर्चीत बसवेना, म्हणून जमिनीवर आडवा पडून वाजवलं असं सांगतात. त्याच नावाच्या १९७१ च्या रेकॉर्डवर मार्विन गेनं वादकांची नावं छापून घेतली. मोटाउनच्या एवढ्या गाजलेल्या रेकॉर्डवर ती पहिलीच वेळ. जेमर्सनला कंपनीत तोवर दहाएक वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी कंपनीनं डेट्रॉइटचं बिऱ्हाड उचलून लॉस एंजेलिस गाठलं. वादकांना कळलं ते स्टुडिओच्या दारावरच्या चिठ्ठीवरून.

मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी यांची बाजू मी मूळ लेखात मांडली नाही, हा ठपका तुम्ही ठेवला नाहीत, पण ठेवायला हवा होता. घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्यांनी कंपनी काढली. वादकांना सुरुवातीला गाण्यामागे किरकोळ रक्कम, पुढे मात्र आठवड्याचा बांधलेला पगार. क्लबात रात्री-रात्री वाजवणाऱ्या काळ्या जॅझ वादकांना डेट्रॉइटमध्ये असं बारमाही काम दुसरं कोण देत होतं? नावं झाकण्यात धंद्याचं गणितही होतं: नाव कळलं की दुसरी कंपनी पळवणार. आणि पळवत होत्याच. गायक जॅकी विल्सनचं १९६७ चं ‘हायर अँड हायर’ शिकागोत झालं, दुसऱ्या कंपनीसाठी, आणि त्यात वाजवायला जेमर्सन, रॉबर्ट व्हाइट आणि ड्रमवर रिचर्ड ऍलन. गुपचूप जाऊन आलेले. तेव्हा मूळ लेखातला ‘बिचारे’ हा माझा शब्द मी मागे घेते. पण गुपचूप वाजवलेल्या गाण्यावर नाव मागायचं कुणी आणि कुणाकडे?

“विषय संपला” म्हणता, तर तो संपला नाही, तो पैशांत अजून चालू आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आजही काही नाही. पण सॅटेलाइट रेडिओ आणि इंटरनेट रेडिओवर मिळतात. कायद्यानं ठरलेली वाटणी अशी: १०० डॉलर आले तर ५० रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, उरलेले ५ मागच्यांना. त्यातले अडीच साथीच्या गायकांचे, अडीच वादकांचे. १९७२ च्या आधीच्या रेकॉर्डिंगना हा हक्क स्पष्टपणे मिळाला २०१८ च्या कायद्यानं. म्हणजे ‘माय गर्ल’चे अडीच डॉलर आज कुणाचे तरी आहेत, निदान वारसांचे. पण कुणाचे? वादकांच्या युनियनचा एक कागद असतो, त्यावर तारीख, गाणं, वाजवणाऱ्यांची नावं. मोटाउनच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक सेशनला असा कागद झालाच असं नाही. मग हे पैसे वाटणाऱ्या निधीच्या माणसांना जुनी दप्तरं धुंडाळत बसावं लागतं.

तो कागद नसल्यानं भांडणंही लागतात. लॉस एंजेलिसच्या कॅरोल के या मोठ्या बासवादिका. मोटाउनच्या काही गाजलेल्या गाण्यांतला बास आपला असल्याचं त्यांनी सांगितलं, जेमर्सनच्या बाजूच्यांनी ते खोडून काढलं. मोटाउन लॉस एंजेलिसमध्येही रेकॉर्डिंग करत होती, तेव्हा दावा ऐकून घ्यावा लागतो. त्या चौकटीत दोन अक्षरं असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. त्याऐवजी जाणकार लोक बोटाच्या वळणावरून आणि तारेच्या आवाजावरून भांडतात.

१९८३ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, टीव्हीसाठी. जेमर्सन तिथे होता. तिकीट काढून, मागे बाल्कनीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला, सत्तेचाळीस वर्षांचा.

मूळ लेखातलं ते बीटल्सचं वाक्य काढलं आहे. दोन व्हाइटांचा खुलासा घातला आहे. दोन्ही गोष्टी तुमच्यामुळे झाल्या, म्हणून खाली ‘दुरुस्ती: एका वाचकाच्या सूचनेवरून’ एवढं लिहून ठेवलंय. नाव कळवलंत तर तिथे टाकते.