वीस मिनिटांचा फोटो आणि मधली खुर्ची

रविवारी संध्याकाळी पावसानं जरा उघडीप दिली आणि बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळचा आमचा कट्टा आठ दिवसांनी पुन्हा भरला. चहा यायच्या आधीच विनूनं मोबाइल पुढं केला. त्याच्या पुतणीनं पुण्याहून घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. गणपतीला सगळे शहापूरच्या घरी जमणार, तेव्हा फोटोग्राफर ठरवलाय, वीस मिनिटं मिळणार, बायकांनी फिकट गुलाबी आणि पुरुषांनी पांढरं घालायचं. एकूण माणसं अकरा. विनूच्या आईची साडी तिनं ऑनलाइन मागवलीसुद्धा.

"सगळे एका छताखाली यायला वर्ष लागतंय," विनू म्हणाला. "कोण पुण्यात, कोण बेंगळूरला. फोटो व्हायलाच पाहिजे. पण वीस मिनिटांत काय होतंय रे?"

"वीस मिनिटं पुष्कळ झाली की," मल्लू म्हणाला. "तयारी कशाला करूलास? सुम्ने घरात आहेत तसे उभे करायचे. तयारी केली की माणूस खोटा दिसतोय."

सद्याला हे सोसलं नाही. तो गेली अठरा-वीस वर्षं लग्नाचे आणि घरगुती फोटो काढतोय. "आहेत तसे म्हणजे कसे, सांग. शर्टाच्या खिशात मोबाइल, त्याचा चौकोन छातीवर. एकाच्या हातात गाडीची किल्ली. पोरगं झोपेतनं उठवलेलं. वीसातली बारा मिनिटं 'तू इकडं सरक, काका तुम्ही मागं' यातच जातात. राहिलेल्या आठांत मी काढतो, आणि मग लोक म्हणतात, फोटोग्राफर बरा नव्हता."

मग गाडी रंगांवर आली. एकसारखे कपडे नकोत, हे सद्यानं ठासून सांगितलं आणि मला ते पटलं. शाळेचा गणवेश घातल्यासारखं दिसतं, आणि पांढऱ्यात अडचण वेगळीच आहे. सगळेच पांढऱ्यात असले की कॅमेरा पांढरं सांभाळताना चेहरे काळवंडतात, चेहरे उजळले तर सदऱ्याच्या चुण्या नाहीशा होतात. भडक लाल किंवा पोपटी घातलं तर त्या रंगाची झाक हनुवटीखाली चढते. त्यापेक्षा दोन-तीन मवाळ रंग ठरवायचे, मातकट, निळा, सायीसारखा, आणि ज्यानं त्यानं आपल्या कपाटातलं काढायचं. कापड नवं नको, एकदा धुतलेलं, अंगाला सवयीचं. केस कापायचे तर आठवडाभर आधी.

"आणि बारीक चौकडा नको," सद्या म्हणाला. "सेन्सरवर ठिपक्यांची जाळी असते. कापडाची वीण त्या जाळीशी गाठ पडली की फोटोत तिसरीच नक्षी उमटते, पाण्यावर लाटा उठाव्यात तशी."

इथं मास्तरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. मास्तर आमच्यात वयानं मोठे, हायस्कुलातून निवृत्त झालेले. त्यांनी विनूला एवढंच विचारलं, "काकी काय नेसणार?" काकी म्हणजे विनूची आई.

"ती गुलाबीच. आलीय की साडी."

"ते पुतणीनं ठरवलं. काकी काय म्हणाल्या?"

विनू गप्प झाला. मग म्हणाला, "तिला काय विचारायचं मास्तर? ती काहीही नेसते. तिची ती इरकल आहे, बारीक चौकड्याची, लाल पदराची. कुठंही जायचं झालं की तीच. पण सद्या म्हणतोय चौकडा नको."

"नको म्हणजे घालूच नको असं नाही," सद्या लगेच म्हणाला. "लाटा दिसल्या तर मी पाऊलभर पुढं-मागं होतो, नाहीतर थोडा तिरका उभा राहतो. जाळी मोडते. ते माझं काम आहे, काकींचं नव्हे."

मला बोलल्याशिवाय राहवेना. आमच्या घरात बाबांचा एकच मोठा फोटो आहे. बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत होते, तेहतीस वर्षं. त्यांचा एकट्याचा फोटो कुणी कधी काढला नाही, आणि ते गेल्यावर दहाव्यापर्यंत फोटो पाहिजे म्हणून आम्ही पेट्या उलथ्यापालथ्या केल्या. शेवटी चुलतभावाच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून घेतला आणि मागं निळा पडदा टाकून मोठा करून आणला. चेहरा बरा आहे. पण डाव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहिली आहेत. एका बोटात अंगठी आहे. बारा वर्षं झाली, दर अमावास्येला मी काच पुसतो, ती अंगठी कुणाची हे घरात कुणाला सांगता येत नाही. बाबांना आपला कुठला फोटो भिंतीवर लागावासा वाटला असता, हे त्यांच्या हयातीत विचारायला दोन मिनिटंही लागली नसती. वीस मिनिटांतली पहिली तयारी हीच आहे असं मी मानतो. घरातल्या थोरल्या माणसाला आधी विचारायचं. काय नेसणार, कुठं बसणार, शेजारी कोण हवं. कपड्यांचे रंग त्यानंतर.

गेट पडलं. मालगाडी होती, लांबलचक. तिच्या आवाजात कुणालाच बोलता येईना, आणि ते बरंच झालं.

गाडी गेल्यावर मल्लू सावकाश म्हणाला, "आमच्या अव्वाचं असंच झालं. काकाच्या साठीला फोटोवाला आला. तो आपला म्हणतोय, स्वल्प नग्री अव्वा, थोडं हसा. ती हसेचना. ओठ असे घट्ट. आम्ही चिडलो तिच्यावर. मग रात्री कळलं, जेवताना टोचते म्हणून तिनं कवळी काढून फडताळात ठेवली होती. दात नसताना हसायची लाज. कुणी विचारलंच नाही." तयारी नको म्हणणारा मल्लू त्यानंतर त्या बाजूनं एक शब्द बोलला नाही.

मास्तरांच्या मनात मात्र वेगळंच होतं. "विनू, काकी मध्ये बसतील काय?"

विनूचे वडील जाऊन सहा वर्षं झाली. प्रश्न सगळ्यांना कळला. सद्यानं मान हलवली. "ह्याच्या पुतणीच्या लग्नात मीच होतो कॅमेऱ्यावर. घरच्यांचा ग्रुप लावला तर काकी कडेला, मांडवाच्या खांबाआड अर्ध्या. मी दोनदा हाक मारली. 'नको बाळ, मी इथंच बरी' म्हणाल्या. मागं रांग लागलेली, मी तसाच काढला." तो थोडा वेळ चहाच्या ग्लासाकडं बघत राहिला. "नको होता काढायला."

"कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड इथनं काय लांब आहे?" मास्तर म्हणाले. "मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. महाराष्ट्र सरकारनं पुढं तिथल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तेच सांगितलं. एका गावाला जमतं, तर आपल्या घरात एक खुर्ची मधे ठेवायला काय लागतं? पण ऐन वेळी सांगून चालणार नाही. ऐन वेळी त्या कडेलाच जाणार, सवयच तशी लागलीय. आदल्या दिवशी सांगा, मध्ये तुम्ही बसायचं आणि बाकीचे तुमच्याभोवती. खुर्ची आधी मांडून ठेवा."

विनू म्हणाला, सुनांनाही सांगायला हवं. ते खरंच. खुर्ची मांडली आणि कुणी नाक मुरडलं तर काकी पुन्हा उठणार.

जागेवरून थोडी वादावादी झाली. पुतणीला किल्ल्यात जायचं होतं, कमल बस्तीपाशी. १२०४ सालचं देऊळ, काळा दगड, फोटो सुंदर येतील यात शंका नाही. पण चौऱ्याहत्तर वर्षांची गुडघेदुखीची बाई, दोन वर्षांचं पोर आणि गणपतीतली गर्दी, जाण्यायेण्यातच सगळे दमणार. सद्याचं म्हणणं, शहापूरच्या घराच्या परसातच घ्या, साडेचारनंतर. भाद्रपदातलं ढगाळ आभाळ चेहऱ्याला सगळ्यात चांगलं, सगळीकडनं सारखा उजेड, डोळ्यांखाली सावल्या नाहीत. उलट लख्ख ऊन पडलं तर भिंतीच्या सावलीत यायचं. मला घरच पटतं. त्या परसातल्या हौदावर काकींनी चाळीस वर्षं धुणं धुतलंय.

काकींचा चष्मा उन्हात काळा होणाऱ्या काचांचा आहे, हे विनूला आठवलं ते बरं झालं. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर त्या काचा काळवंडतात. काळ्या व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही, उतरायला मात्र काही मिनिटं लागतात. फोटोत डोळेच दिसणार नाहीत. "जुना साधा चष्मा असेल तर तो काढून ठेव," सद्या म्हणाला. "नाहीतर हाच घरातून डबीत घालून आणायचा आणि सगळे उभे राहिल्यावर शेवटी घालायचा. चमक येत असेल तर काड्या कानावर किंचित उचलायच्या. पण चष्मा काढून बसवू नको. रोज चष्म्यात दिसणारं माणूस बिनचष्म्याचं ओळखू येत नाही."

पोराचं त्यानं भराभर सांगितलं. झोप झालेली पाहिजे, अर्धा तास आधी खायला घालायचं, केळं चालेल, चॉकलेट नको, तोंडभर होतं. 'हस, हस' म्हणून कुणी ओरडायचं नाही. आणि फोटोग्राफरच्या मागं उभं राहून मोबाइलवर काढायचं नाही, कारण मग अकरा जण अकरा दिशांना बघतात. हे शेवटचं जावईबापूंना आधीच सांगून ठेवा असं तो म्हणाला, अगदी गंभीरपणे.

किती फोटो काढायचे यावर मास्तरांनी गणित काढलं. ऑस्ट्रेलियात निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स या दोघांनी याचा हिशेब केला आणि २००६ साली त्यांना त्याबद्दल इग्नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं. माणसं वीसच्या आत असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीननं भागायचं, कमी उजेडात दोननं. तितके फोटो घेतले की एखादा तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला मिळण्याची खात्री धरता येते. अकरा जण म्हणजे चार.

"चार फोटोंत डोळे उघडे मिळतील," सद्या म्हणाला. "डोळ्यांत काही असेल का, ते वेगळं. मी दहा घेतो."

क्रमावर दोघांचं जुळलं नाही. मास्तर म्हणत होते, पहिला फोटो काकींचा एकट्यांचा. सद्या म्हणे, पहिला सगळ्यांचा, पोर ताजं आहे आणि कपडे चुरगळले नाहीत तोवर. शिवाय पहिल्या दोन-तीन फोटोंत थोरली माणसं अवघडलेली असतात, अकरा जण बघत असताना तर जास्तच. मला दोघांचंही खरं वाटलं, म्हणून बोललो नाही. सद्यानंच तोडगा काढला. "काकींचा मी आदल्या संध्याकाळी येऊन काढतो. पैसे नकोत. सोप्यात, दारापासून तीन-चार फूट आत, तोंड उजेडाकडं. निवांत. त्या वीस मिनिटांत ते नकोच." बोलताना त्याला तो मांडवाचा खांब आठवत असावा असं मला वाटलं.

एवढं झाल्यावर मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, हेही त्यानं लिहून घ्यायला लावलं. बारा बाय अठरा इंची फ्रेम करायची तर इंचाला ३०० ठिपके धरून ३६०० गुणिले ५४०० लागतात, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते आरामात बसतं. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसतो, मोठा केला की चेहरा पिठासारखा दिसतो.

"आता लाव फोन," मास्तर म्हणाले.

विनूनं तिथनंच लावला. आम्ही ऐकूलोय म्हणून तो जरा बाजूला सरकला, पण गेट पुन्हा पडलेलं, गाड्या थांबलेल्या, सगळं ऐकू येत होतं. "आई, फोटोच्या दिवशी तुला काय नेसायचंय?... नाही, गुलाबी नाही, तुला काय पाहिजे?... इरकल? बरं की. इरकलच नेस." मग तो घुटमळला. "आणि आई, मध्ये तू बसायचं. खुर्चीत... नाही नाही, तूच... शेजारी कोण पाहिजे तुला?"

बराच वेळ पलीकडनं काही आलं नसावं. विनू नुसता ऐकत उभा होता.

"कोण? अक्कामावशी?... खानापूरहून?... अगं, आधी कधी बोलली नाहीस."

काकींची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढची. पुतणीच्या अकराच्या यादीत ती नव्हती, विनूच्याही डोक्यात नव्हती. दोघी बहिणींचा एकत्र फोटो एकसुद्धा नाही, हे त्याला त्या फोनवर कळलं.

गेट उघडलं, गाड्या सुटल्या, आम्ही ग्लास ठेवून उठलो. विनू अजून तिथंच कानाला फोन लावून उभा, खानापूरला अक्काला आणायला कोण जाणार आणि किती वाजता निघायचं, ते ठरवत.