काकांनी बँक बघितली

मिनियापोलिसला आलेल्या पाहुण्यांना दाखवायचं काय, हा आमचा कायमचा पेच. नायगारा लांब, स्वातंत्र्यदेवी न्यूयॉर्कला. उरतो मॉल, आणि तिथे काका "हे सगळं पुण्यात मिळतं" म्हणून बाकावर बसून राहतात. तेव्हा त्यांना ओवाटोनाला न्यायचं मी ठरवलं. गाडीने तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे शेतं, आणि गावाच्या चौकात लुई सलिव्हनने १९०८ साली उभी केलेली शेतकऱ्यांची बँक. प्रसिद्ध वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइटचा हा गुरू. शिकागोत उंचच उंच इमारतींनी नाव काढलं आणि पुढे मोठी कामं आटली, तेव्हा आडगावांतल्या बँका बांधत बसला.

"बँक?" काका म्हणाले. "अरे, आयुष्य गेलं माझं बँकेत!"

आतून बघायची तर ती उघडी हवी, म्हणजे मला रजा टाकणं आलं. टाकली.

बाहेरून चौकोनी विटांचा ठोकळा, खाली तांबूस दगड, वर हिरव्या टेराकोटाची नक्षी आणि दोन बाजूंना रंगीत काचांच्या दोन अवाढव्य कमानी. मी हरखून काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "स्ट्राँगरूम कुठल्या अंगाला?"

आत गेलो. वर ओतीव लोखंडाची चार झुंबरं, एकेक दोन टनांच्या वर. मी मान वर करून फोन काढला. देवळात छताचे फोटो काढणारा भाविक ठरतो, बँकेत तो पाळतीवर आलेला वाटतो. त्यात जवळच्याच नॉर्थफील्डमध्ये जेसी जेम्सच्या टोळीने १८७६ साली बँक लुटायला बघितलं होतं. ते फसलं, पण या भागात अजून त्याच्या गप्पा निघतात. मी फोन खिशात टाकला.

"बल्ब कसे बदलतात रे?" काकांचा खणखणीत आवाज. "देखभालीची एएमसी कुणाकडे आहे, विचार."

भिंतीवर गाईंचं मोठं चित्र आहे. ते बघून मात्र काका खुलले. "दुभत्या जनावरांचं कर्ज! प्रायॉरिटी सेक्टर!"

कॅशियरपुढच्या नक्षीदार लोखंडी जाळ्या १९४० च्या सुमारास काढल्या आणि त्यातली एक आता मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात आहे, असं मी सांगितलं.

"आमच्या शाखेतली भंगारात गेली," काका म्हणाले. "चाळीस रुपये आले."

मग मी बँक १९२६ ला बुडाल्याचं सांगितलं. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, कर्जं थकली.

"तारण?"

"बहुतेक जमिनीच."

"मग! भाव पडल्यावर जमीन घेतो कोण?" काका हळहळले. त्या गावात त्यांच्याइतकं मनापासून हळहळणारं त्या दिवशी कोणी नसावं.

एवढ्यावर निघालो असतो, पण काकांनी शंभर डॉलरची नोट काढली आणि काउंटरवरच्या मुलीकडे एकेकाच्या नोटा मागितल्या. तिने यंत्रावर मोजून गड्डी दिली. काकांनी ती बोटांत धरली आणि मला विचारलं, "हिच्याकडे ओल्या स्पंजची डबी आहे का?"

नव्हती. काकांनी जिभेला अंगठा लावला. मागे रांग वाढत होती, मुलगी थक्क होऊन त्या बोटांकडे बघत होती, आणि आमच्याकडे संशयाने बघायला कुणालाच सवड नव्हती. मी निवांत मान वर केली. कमानीतून आलेला हिरवा उजेड, झुंबरांवरची पानं, सोनेरी पट्टे, सगळं कोपऱ्याकोपऱ्यानं बघून घेतलं.

"नव्व्याण्णवच भरतायत," काका म्हणाले. "परत मोजतो."

"सावकाश मोजा, काका."