सारंगखेड्याला गेलात आणि फक्त घोड्याचा भाव विचारून आलात?

यंदा दत्तजयंती ४ डिसेंबरला, नेमकी गुरुवारी आली. त्या रात्रीपासून माझ्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न फिरतोय. पुण्याचा मित्र, नाशिकची मावसबहीण, ठाण्याचा साडू. "सारंगखेड्याला गेला होतास ना? तो कोटीचा घोडा बघितलास का?"

बघितला. म्हणजे घोडा नाही, त्याच्याभोवती मोबाइल उंच धरून उभी असलेली दोनेकशे माणसं बघितली. मधेच एक कान दिसला. शेजारचा चहावाला अहिराणीत म्हणाला, "भाऊ, तो इकाले आनेलच नही. दाखाडाले आनेल से." म्हणजे विकायला नाही, दाखवायला आणलाय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दोंडाईच्याकडून निघालं की तापीचा पूल लागतो, पूल ओलांडला की सारंगखेडा. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. तिथं एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची यात्रा भरते आणि यात्रेत घोडेबाजार. हा बाजार तीनशे वर्षांहून जुना असल्याचं सांगतात आणि मला ते पटतं. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा जुना व्यापारी रस्ता याच तापीच्या खोऱ्यातून जायचा. माल, तांडे, फौजा, सगळं याच वाटेनं. अशा वाटेवर घोडे विकले जाणार नाहीत तर कुठं?

माझी सासुरवाडी सांगलीकडची. नरसोबाच्या वाडीच्या पादुकांवर श्रद्धा असलेलं घर. तिकडे दत्तजयंती म्हणजे सात दिवस गुरुचरित्राचं पारायण, सोवळं-ओवळं, एकभुक्त, आणि पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी जन्म, पाळणा, सुंठवडा. लग्नानंतर सासऱ्यांना पहिल्यांदा सारंगखेड्याला नेलं, तेव्हा ते गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "जावईबापू, बाकीची दोन तोंडं कुठं गेली?"

मी त्यांना महानुभाव पंथाबद्दल सांगितलं. त्यांच्या पंचकृष्णांत, म्हणजे ते मानतात त्या पाच अवतारांत, दत्तात्रेय प्रभू आहेत आणि ते एकमुखी आहेत, ब्रह्मा-विष्णू-महेश एकत्र केलेले नव्हेत. आमच्या खानदेशात गावोगाव महानुभाव घरं आहेत, आम्हाला यात काही नवल वाटत नाही. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं. खरी अडचण त्यांना बाहेर आल्यावर झाली. एकीकडे लीद, एकीकडे भजी, लाउडस्पीकरवर तमाशाची जाहिरात. म्हणाले, "देवाच्या जन्माच्या दिवशी हा काय बाजार मांडलाय तुम्ही लोकांनी?"

मी म्हटलं, मामा, तुमचाच दत्त ना? सकाळी काशीला स्नान, दुपारी कोल्हापुरात भिक्षा, रात्री माहूरला झोप. ज्या देवाचं रोजचंच एवढं फिरणं, त्याच्या जन्माला घोड्यांचा बाजार नाही भरायचा तर काय पाटा-वरवंट्यांचा भरायचा?

ते हसले, पण सोडणारे नव्हते. "अवधूतानं चोवीस गुरू केले. हत्ती आहे, हरीण आहे, मासा आहे, अजगरसुद्धा आहे. घोडा कुठाय त्यात?"

खरंच नाही. घरी येऊन भागवताचा अकरावा स्कंध काढून यादी तपासली. घोडा नाही. गेली काही वर्षं हा मुद्दा मी हरलेलाच होतो.

आता माझं म्हणणं. 'यात्रेचा बाजार झाला' म्हणून गळा काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. यात्रा बाजारच होती. माझे आबा सातपुड्याच्या पाड्यांवर मीठ-मिरची-गूळ घेऊन जायचे, पार तोरणमाळपर्यंत. त्यासाठी तट्टू लागायचं आणि ते सारंगखेड्यालाच घ्यायचे. आधी दर्शन, मग सौदा. हा क्रम चुकला तर तट्टू लंगडं निघतं, ही त्यांची खात्री.

लहानपणी त्यांच्याबरोबर गेलो होतो. मी एका पांढऱ्याशुभ्र, गुलाबी नाकाच्या नुकऱ्या घोड्यावर भाळलो आणि विचारलं, "काय भाव से?" आबांनी पाठीत धपाटा घातला. "पह्यले तोंड देख, मंग भाव इचार." मग त्यांनी एका कुमैत, म्हणजे तांबूस रंगाच्या, तट्टाचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला. पिवळट दातांची रांग. पाच वर्षांत घोड्याचे सगळे दात येतात. मग पुढच्या दातांवरचे काळे खळगे झिजत जातात, मधल्यांचे आधी, कडेचे शेवटी. आठाच्या पुढं खालचे दात सपाट. काही हेडे, म्हणजे जनावरांचे व्यापारी, वय चोरायला दातांशी खेळ करतात, म्हणून आबा दातावर विश्वास ठेवून थांबायचे नाहीत. डोळ्याखालचा भोवरा बघायचे, मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे का बघायचे, खूर उचलून वास घ्यायचे. सौदा उपरण्याखाली, बोटांवर. ओठ हलायचे ते पाहुण्यांची खुशाली विचारायला.

त्या तट्टासाठी आम्ही सबंध दिवस घालवला. तेवढ्या वेळात मी चार वेळा जिलेबी खाल्ली आणि एकदा हरवलो.

आता तिथं महोत्सव असतो. गेल्या काही वर्षांत 'चेतक फेस्टिव्हल' नाव देशभर गेलं, घोड्यांच्या स्पर्धा होतात, नाच होतात, तंबूत राहायची सोय होते. याला माझा विरोध नाही. नंदुरबारचं नाव कुपोषणाच्या बातमीशिवाय पेपरात येतंय हेच मला पुष्कळ. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोडे लांबून येतात, त्यांना गिऱ्हाईक मिळायला गर्दी लागतेच.

पण गर्दी गिऱ्हाइकांची उरली नाही, दुखणं तिथं आहे. यात्रेला जाणारा काहीतरी न्यायला जायचा. तट्टू, तवा, विळा, घोंगडी, निदान नवस फेडल्याचं समाधान. महोत्सवाला जाणारा बघायला जातो. बघून झालं की फोटो टाकतो आणि जेवायला ढाबा शोधतो. यंदा तवे-विळ्यांच्या गल्लीत आरामात चालता येत होतं. पूर्वी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. पाड्यांवरून आलेल्या दोन बाया एका विळ्यासाठी वीस रुपयांवरून घासाघीस करत होत्या, आणि खरं सांगतो, सगळ्या यात्रेत मला यात्रेकरू वाटल्या त्या त्या दोघीच.

आणि एक तिसरा माणूस. नालबंद.

घोडेबाजाराच्या कडेला, सूर्य पार खाली गेलेला. म्हणजे जन्माचीच वेळ. म्हातारा घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन बसलेला, ओठांत पाच-सहा खिळे धरलेले. एक खिळा काढायचा, नालेच्या भोकात धरायचा, दोन हलके ठोके, एक जोराचा. खुराच्या भिंतीतून टोक बाहेर आलं की मुरगळून तोडायचं. मग पुढचा खिळा. इतक्यात कुणा मोठ्या माणसाच्या गाड्यांचा ताफा आला. सायरन, शिट्ट्या, वर ड्रोन. सगळी पोरं पळाली. घोडी बिचकली. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही, फक्त घोडीच्या पोटरीवर तळवा ठेवला आणि तोंडानं च्च च्च करत राहिला. सगळे खिळे बसले, कानस फिरली, पाय जमिनीवर टेकला. तेव्हा त्यानं विचारलं, "कोन गयं रे?"

मी तिथंच सासऱ्यांना फोन लावला. म्हटलं, मामा, चोवीस गुरूंत बाण करणारा आहे ना? ज्याच्या शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली आणि ज्याला पत्ताच लागला नाही?

पलीकडं जरा वेळ शांतता. मागं पाळण्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "ठेव आता. जन्म चाललाय. सुंठवडा पाठवतो."

आमच्याकडचं शेवटचं तट्टू १९८७ ला विकलं. तरी आबा असेपर्यंत दर यात्रेला एक घुंगरमाळ घेऊन यायचे. आता मी आणतो. यंदाची ट्रॅक्टरच्या बोनेटला बांधली आहे. शेजारी हसतात, आणि शेतात कुठंही असलो तरी आईला घरातून कळतं.