मल्टीला माझाही विरोध आहे, पण त्या ज्ञापनावर सही नाही

काल रात्री कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "काका बिल्डरला मिळालेले दिसतात." नाव घेतलं नाही, पण 64 घरांत कॉलनीमागच्या मल्टीविरुद्धच्या ज्ञापनावर (म्हणजे निवेदनावर) सही न केलेला काका एकच आहे. तिथेच उत्तर दिलं असतं तर सकाळच्या सुविचारांखाली गाडलं गेलं असतं. म्हणून इथे सविस्तर लिहितो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी आधी थोडं. आमच्या इंदूरला अपार्टमेंटला मल्टी म्हणतात. अन्नपूर्णा रोडपासून आत, आमची 30 बाय 50 च्या प्लॉटांची कॉलनी. शेवटच्या गल्लीमागे जेमतेम एक एकर रिकामी जमीन. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे सोयाबीन होतं. नंतर पेरायचं थांबलं आणि ती जागा आपोआप 'मैदान' झाली. पोरांचं क्रिकेट, गणपतीचा मांडव, दसऱ्याला पोरांनी बांबू-कागदाचा केलेला वाकडा रावण. आमच्या सौ. तिथेच लुना चालवायला शिकल्या आणि एकदा सरळ बाभळीत शिरल्या, त्याची खूण अजून कोपरावर आहे. गेल्या महिन्यात तिथे पत्र्याचं कुंपण लागलं आणि बोर्ड आला : 72 फ्लॅट, लिफ्ट, पॉवर बॅकअप, जिम.

मारुतीच्या ओट्यावर मीटिंग झाली. गर्दी बघून मला बरं वाटलं, कारण एरवी वर्गणीच्या मीटिंगला सात जण असतात. ज्ञापन हिंदीत तयारच होतं, कलेक्टोरेटच्या मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे तक्रारी ऐकतात तिथे, द्यायचं म्हणून. एका काकांनी खणखणीत आवाजात वाचलं. पहिला मुद्दा, मल्टीमुळे कॉलनीत बाहेरचे लोक येतील आणि वातावरण बिघडेल. दुसरा, भाडेकरू, बॅचलर आणि कोचिंगची मुलं राहतील. तिसरा, आमच्या घरांचे भाव पडतील. चौथा, हे मैदान कॉलनीचं आहे. ड्रेनेज आणि पाण्याची एक ओळ अगदी शेवटी होती, तीसुद्धा 'अन्य समस्याएँ' या शब्दांत बसवलेली.

'बाहेरचे लोक' या शब्दावर कुणीच हसलं नाही, याचं मला नवल वाटलं. ओट्यावर बसलेले निम्मे मराठी. कुणाचे खापरपणजोबा होळकरांच्या पागेत आले, कुणाचे दप्तरात कारकून म्हणून. माझे आजोबा कोकणातून एक वळकटी घेऊन आले आणि रामबागेत एका खोलीत राहिले. तेव्हा त्या वाड्याच्या मालकिणीनं विचारलं असेलच ना, की हा बाहेरचा कोण, माशाचा वास तर येणार नाही ना? उरलेल्यांत कुणी रतलामचे, कुणी खरगोनचे, कुणी भिंडचे. आणि आपली मुलं? ओट्यावर मी मनात मोजलं. 64 पैकी निदान 20 घरांत आता फक्त म्हातारा-म्हातारी आहेत, मुलं पुणे, बंगळुरू, हैदराबादला. माझा मुलगा पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो. त्याच्या वास्तुशांतीला आपण सगळे गेलो, खिडकीतून टेकडी दिसते म्हणून कौतुक केलं. ती बिल्डिंगही कुणाच्या तरी मैदानावर उभी असणार. तिथल्या काकांनी 'इंदूरचे लोक येतील' म्हणून निवेदन दिलं असतं तर?

राहिला भाव. ज्यांना घर विकायचं आहे त्यांनी भावाची काळजी करावी, हे समजतं. पण त्यांनी मग मैदानासाठी गळा काढू नये.

आता मैदान. मी टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग खात्याच्या मंजूर नक्शाची प्रत आणि खसरा (आपल्या सातबाऱ्यासारखा जमिनीचा कागद) दोन्ही पाहिलं. ती जमीन कधीच कॉलनीची नव्हती. एका शेतकरी कुटुंबाची होती, वाटण्या होऊन पुढच्या पिढीनं विकली. इतकी वर्षं त्यांनी आपल्याला खेळू दिलं, हे उपकार म्हणायचे. नक्शात कॉलनीचा बगीचा म्हणून जी जागा सोडली आहे ती वेगळीच, आणि ती सापडते का बघा. तिथे आपण मारुतीचं देऊळ बांधलं, मग देवळाला ओटा, ओट्याला पत्र्याचा हॉल, हॉलला भांड्यांची खोली. म्हणजे मोकळी जागा वाचवण्याची मीटिंग आपण जिथे बसून केली तो स्वतः बगीचा होता. मारुतीरायाला माझा नमस्कार, पण त्याच्या ओट्यावर बसून खोटं कसं बोलायचं?

आणि एमओएस? घराच्या मागेपुढे सोडायची ती जागा. आपल्या गल्लीत ती पूर्ण मोकळी असलेलं एकही घर नाही, माझ्यासकट. मी 2009 मध्ये मागची जागा झाकून स्वयंपाकघर वाढवलं. कंपाउंडिंगची, म्हणजे जादा बांधकाम नियमित करून घ्यायची, फी भरली, पावती आहे, पण मातीत पाणी जिरायचं ते थांबलंच ना!

एवढं झाल्यावरही माझा विरोध आहे असं म्हणतो, तो का ते सांगतो. मी आयुष्यभर पीएचईत, म्हणजे सरकारच्या पाणीपुरवठा खात्यात, उपयंत्री (ज्युनियर इंजिनिअर) होतो, पाइप आणि चेंबर एवढंच मला येतं.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी सब्बल (पहार) घेऊन गल्लीच्या टोकाचं चेंबर उघडलं. ही वेळ मुद्दाम, कारण तेव्हा सगळ्यांच्या आंघोळी चाललेल्या असतात. आत झुरळांची पळापळ झाली. वाहतं पाणी 6 इंची पाइपच्या तळाशी दीडेक इंच, साबणाचा फेस घेऊन निवांत चाललेलं. वेताची काठी घालून पाहिलं, तळाला दोन बोटं गाळ आणि कुणाच्या तरी कन्हेरीची मुळं. शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी दोन पोरं वाकून बघत होती. एकानं विचारलं, "आजोबा, काय हरवलंय?"

कोरड्या दिवसात लाइन व्यवस्थित आहे. मग दर पावसाळ्यात तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं का येतं? दोन वर्षांपूर्वी 17 नंबरच्या वहिनींच्या देवघरापर्यंत आलं होतं. ते का, तर आपण सगळ्यांनी गच्चीचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडले आहेत. हिशोब करा. एका घराची गच्ची 100 चौरस मीटर धरली आणि तासाभरात एक इंच पाऊस पडला, तर एका गच्चीवरून अडीच हजार लिटर. आपल्या बाजूच्या लाइनवर 40 घरं, म्हणजे एका तासात एक लाख लिटर. आता त्या मल्टीचं बघू. 72 फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी दिवसाला 135 लिटर, हा आमच्या खात्याचा नेहमीचा आकडा. दिवसाला 48,600 लिटर पाणी लागणार, त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे 39,000 लिटर, तेही 24 तासांत विभागून. मल्टीची माणसं दिवसभरात जेवढं सोडतील त्याच्या अडीचपट आपण एका सरीत, एका तासात सोडतो. लाइन तुंबते ती आपल्याच गच्च्यांनी. कुणी अजून राहायलाही आलेलं नाही.

गंमत पुढेच आहे. 140 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला रूफ वॉटर हार्वेस्टिंग बंधनकारक आहे. आपले प्लॉट 1500 फुटांचे, म्हणजे 139.35 चौरस मीटर. पाऊण मीटरसुद्धा नाही, तेवढ्यानं सगळी कॉलनी सुटली! कॉलनायझर (कॉलनीचे प्लॉट पाडणारा) हुशार होता असं म्हणणार होतो, पण तेव्हा हा नियमच नव्हता. आपलं नशीब.

इथे मला गेडिस आठवतात. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदूरला आले, 1918 मध्ये त्यांचा शहराविषयीचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. गावात प्लेग होता. गेडिस गल्लोगल्ली पायी फिरले आणि दिवाळीच्या मिरवणुकीचा बेत केला : जी गल्ली सगळ्यात स्वच्छ होईल तिथून मिरवणूक जाणार. प्लेगचा म्हणून एक भलामोठा उंदीरही मिरवला. लोकांनी झाडलोट केली, घरं रंगवली. शंभर वर्षांनी, 2017 पासून, आपण स्वच्छतेत देशात पहिला नंबर घेतोय, 2021 मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालो, ते मला त्याच मिरवणुकीचं पुढचं टोक वाटतं. आपल्याला कुणी बघणार असेल तर आपण उत्तम झाडतो. चेंबरमधून मात्र मिरवणूक जात नाही.

तर खरी भीती कुठे आहे? पहिली, बोरिंग. आपल्या खाली काळी माती, मग मुरूम, मग काळा पत्थर. पत्थराला फटी असतील तिथेच पाणी. म्हणून तर एकाला 200 फुटांवर लागतं आणि शेजाऱ्याचं 500 फूट कोरडं जातं. मल्टीवाला सातशे फूट जाऊन मोठी मोटर टाकणार, आणि त्याची फट आपल्याच फटीला जोडलेली निघाली तर एप्रिलमध्ये आपल्या मोटारी हवा ओढतील. दुसरी, ते एक एकर. आज तिथे पडलेला पाऊस आधी काळ्या मातीच्या भेगांत जातो, भरल्यावरच वाहू लागतो. तिथे पार्किंगचं काँक्रीट झालं की एक इंचाच्या सरीला आणखी एक लाख लिटर आपल्या गल्लीच्या उतारावरून येणार. हा मुद्दा ज्ञापनात हवा होता, ठळक अक्षरांत. तिसरी, नर्मदा. शहराच्या नळाला नर्मदेचं पाणी, आणि आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो. त्या 48,600 लिटरांची सोय नळानं होणार नसेल तर रोज पाच हजारी दहा टँकर, आणि ते वळणार आपल्या गल्लीतून, जिथे दोन्ही बाजूंना आपल्याच गाड्या उभ्या असतात कारण आपल्या गॅरेजमध्ये भाडेकरू आहेत. (हो, तेच भाडेकरू, ज्ञापनाचा दुसरा मुद्दा.)

1970 मध्ये नर्मदेसाठी इंदूर रस्त्यावर उतरलं होतं. अभ्यास मंडळ या इथल्या नागरिक-संस्थेची मंडळी, कॉलेजची पोरं, सगळे. 1978 मध्ये 70 किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा घाट चढून पाणी शहरात आलं. माझे वडील त्या आंदोलनात होते, म्हणजे गर्दीत होते, भाषण वगैरे काही नाही. त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही की हे पाणी आधीपासून राहणाऱ्यांनाच मिळावं. त्यांनी पाणी मागितलं, आणि त्यानंतर शहरात आलेल्या लाखो लोकांनी ते प्यायलं. मीही त्याच पाण्यावर नोकरी केली.

मल्टी नकोच, असं मला म्हणता येत नाही. लोक कुठे तरी राहणारच. इथे नाही तर शहराबाहेर राऊच्या पुढे आणखी एका शेतात प्लॉट पडतील आणि तिथवर पाइप ओढताना माझ्यासारखा कुणी उपयंत्री रडेल. पण ही मल्टी, या नक्शानं, नको. तिच्या गच्चीचं आणि पार्किंगचं पाणी तिच्याच हद्दीत जिरलं पाहिजे, आणि खड्डे कुठे, किती खोल, ते नक्शात दिसलं पाहिजे. बोरिंग नको, नर्मदेचं मीटर लावलेलं कनेक्शन आधी, पझेशन नंतर. ड्रेनेज आपल्या 6 इंचीत न जोडता सरळ मेन रोडच्या लाइनला. तळमजल्याचं पार्किंग बहात्तरच्या बहात्तर फ्लॅटांच्या गाड्यांना पुरतं का, ते मोजून दाखवावं. एवढं लिहून मी वेगळा अर्ज केला आहे, उतारासह, चेंबरच्या लेव्हल घेऊन. दीड पान झालं.

परवा रात्री एक वहिनी घरी आल्या, आमच्या सौ.कडे हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजींचं पटतं हो, पण आमचे हे ऐकत नाहीत." त्यांच्या ह्यांचा गच्चीचा पाइप कुठे जातो ते मला माहीत आहे. मी काही बोललो नाही, पोहे पुढे केले.

ज्यांना या दुसऱ्या अर्जावर सही करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी आठला माझ्याकडे यावं. अट एकच. येताना स्वतःच्या गच्चीचा पाइप कुठे उतरतो ते बघून यायचं. प्लंबरशी बोलून ठेवलं आहे, पाइप चेंबरमधून काढून शोषखड्ड्याला जोडायला घरटी किती लागतील ते तो तिथेच सांगेल. माझ्या घराचं काम शनिवारी आहे. त्यासाठी 2009 च्या स्वयंपाकघराची फरशी फोडावी लागणार आहे आणि सौ. माझ्याशी सध्या बोलत नाहीत, तेव्हा रविवारी चहा बाहेरून मागवला तर समजून घ्या.